कापसाच्या हिशेबातलं १९८६ साल

डिसेंबरातली सकाळ. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या रांगेत लागलेल्या. ग्रेडर ओलावा मोजायच्या यंत्राचा दांडा कापसात खुपसतो आणि आकडा उमटेपर्यंत गाडीवाला श्वास रोखून उभा राहतो. आठ टक्क्यांपर्यंत आला तर पूर्ण हमीभाव, आठाच्या वर आणि बाराच्या आत आला तर कपात, बाराच्या वर गेला तर गाडी परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव होता. रांगेतल्या प्रत्येकाला हे आकडे पाठ होते.

त्याच रांगेत आमच्या शेजारच्या काकांनी मला एक प्रश्न विचारला. भारताच्या कापसाच्या हमीभावावर अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप घेतलेला आहे, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. ते म्हणाले, "माह्या वावरातल्या कापसाले किती भाव द्याचा हे अमेरिकेनं काऊन सांगावं? आन् सांगते तं आपण काऊन ऐकावं?"

हे खरं तर दोन प्रश्न आहेत. तिथं रांगेत उभ्याउभ्या मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात या संघटनांपासून करू. संयुक्त राष्ट्रसंघ, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक व्यापार संघटना या सगळ्या सरकारांनी मिळून काढलेल्या संघटना आहेत. त्यांचे सभासद माणसं नाहीत, देशांची सरकारं आहेत. जगाचं सरकार असं काही अस्तित्वात नाही. या संघटनांकडे पोलीस नाहीत, तलाठी नाही, जप्ती आणायचा अधिकार नाही. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये बसलेले अधिकारी म्हणजे सोसायटीचा गटसचिव समजा. तो वही ठेवतो, सभेची नोटीस काढतो, ठराव लिहितो. ठराव करायचा तो सभासदांनी.

आणि सभासदांची मतं कशी मोजायची, याची पद्धत प्रत्येक संघटनेत वेगळी आहे. आपल्या गावातल्या सेवा सहकारी सोसायटीत दोन एकरवाल्याला एक मत आणि पन्नास एकरवाल्यालाही एकच मत. संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा अशी आहे. तिथं १९३ देश आणि प्रत्येकाला एक मत, पण तिचे बहुतेक ठराव शिफारशीच्या पातळीवर राहतात. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य आहेत. त्यातले अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स हे पाच कायमचे, आणि या पाचांतल्या एकानं जरी नकाराधिकार वापरला तरी बाकी चौदा एका बाजूला असूनही ठराव पडतो. १९४५ साली दुसरं महायुद्ध जिंकलेल्यांनी ती घडी घातली आणि ती आजही तशीच आहे. नाणेनिधीत तर उघडउघड भागभांडवलाचा हिशेब आहे. ज्याचा वाटा मोठा त्याचं मत मोठं. अमेरिकेकडे तिथं सुमारे साडेसोळा टक्के मतं आहेत. मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात. वजाबाकी करून पाहा म्हणजे कळेल की अमेरिका नाही म्हणाली तर बाकीचं सगळं जग एकत्र येऊनही ते काम होत नाही. भारताची मतं तिथं तीन टक्क्यांच्याही आत आहेत.

तिथली विषमता निदान कागदावर दिसते तरी. जागतिक व्यापार संघटनेत ती कागदावर दिसत नाही, म्हणून ती समजून घ्यायला जास्त वेळ द्यावा लागतो. आपल्या कापसाचा संबंधही तिथंच येतो.

देशांनी आपसांत व्यापार कोणत्या नियमांनी करायचा हे ठरवणारी ही संघटना १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली. मुख्यालय जिनिव्हात, सदस्य १६६. कागदावर प्रत्येक सदस्याला एक मत आहे, पण मतदान जवळजवळ होतच नाही. निर्णय सर्वसहमतीनं होतात. ऐकायला हे फार चांगलं वाटतं, आणि सर्वसहमती म्हणजे काय हे विदर्भाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव कितीतरी वर्षांपासून गावाचे निर्णय सर्वसहमतीनं घेत आलं आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्याखाली असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होतं. या गावाकडून मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे तिथले अभ्यासगट. ग्रामसभेत विषय येण्याआधी लोक बसून तो समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून विचारतात. ज्याला विषय कळला नाही त्याची मान हलली, तर त्या मान हलवण्याला सहमती म्हणायचं का, हा प्रश्न त्या गावानं फार गंभीरपणे घेतला.

आता जिनिव्हातली सर्वसहमती पाहा. तिथल्या नियमाप्रमाणे, बैठकीला हजर असलेल्या एकाही सदस्यानं औपचारिक हरकत घेतली नाही, तर सहमती झाली असं धरतात. म्हणजे गप्प बसलेला होकारात मोजला जातो. आणि गैरहजर असलेला तर मोजलाच जात नाही, त्याच्यावाचून काही अडत नाही.

हा बारीकसा नियम गरीब देशांना किती जड जातो, ते पाहण्यासारखं आहे. जिनिव्हात एका वेळी अनेक समित्या चालू असतात. शेतीची वेगळी, सेवांची वेगळी, मासेमारीची वेगळी. मोठ्या देशांची तिथं अख्खी कचेरी असते आणि प्रत्येक विषयाला स्वतंत्र वकील, अर्थतज्ज्ञ असतात. काही छोट्या देशांची जिनिव्हात कचेरीच नाही. काहींचे दोन-तीन अधिकारी असतात आणि तेच संयुक्त राष्ट्रसंघाच्या आरोग्य, कामगार, निर्वासित अशा सगळ्या बैठकाही सांभाळतात. ज्या खोलीत आपल्या पिकाचा विषय निघाला त्या वेळी आपला माणूस दुसऱ्याच खोलीत बसलेला असणं, हे तिथं नेहमीचं आहे.

त्याशिवाय खरी बोलणी मोठ्या सभागृहात होत नाहीत. वीस-तीस देशांना निवडून छोट्या खोलीत बोलावतात, तिथं मसुदा ठरतो आणि मग तो सगळ्यांपुढे येतो. त्या बैठकांना 'ग्रीन रूम' म्हणतात. महासंचालकांच्या बैठकीच्या खोलीच्या रंगावरून ते नाव पडलं. ग्रामसभेच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर चार वजनदार माणसं बसून सगळं ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी सभेत फक्त ठराव वाचला जातो, हे आपण पाहिलेलं आहे. सकाळी सभेत हात वर करून 'मला मान्य नाही' म्हणायला किती बळ लागतं, आणि ज्याचं कर्ज, ज्याचं पाणी, ज्याचा मजुरीचा पैसा त्या ओसरीवरच्या माणसांच्या हातात आहे त्याला तर किती लागतं, हेही आपल्याला माहीत आहे. देशांचं तसंच आहे. मदत, कर्ज आणि बाजारपेठ ज्याच्या हातात, त्याच्यासमोर छोटा देश हात वर करताना दहादा विचार करतो.

तरीही चार देशांनी हात वर केला, आणि तो कापसासाठी केला. ही हकीकत आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवी होती.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले हे देश. जगातल्या सगळ्यात गरीब देशांत त्यांची गणना होते. कोरडवाहू शेती, छोटे तुकडे, हातानं वेचणी, आणि रोख पैसा देणारं मुख्य पीक कापूस. वर्णन ऐकून यवतमाळ-वाशीम डोळ्यांपुढे येतं. २००१ च्या सुमारास जगात कापसाचे भाव फार पडले होते. त्याच काळात अमेरिकेचं सरकार आपल्या जेमतेम पंचवीस हजार कापूस उत्पादकांना वर्षाला काही अब्ज डॉलरचं अनुदान देत होतं. भाव कितीही पडला तरी तिथल्या शेतकऱ्याला सरकारकडून फरक मिळायचा, म्हणून तो पेरा कमी करत नव्हता. तो माल जगाच्या बाजारात उतरायचा आणि भाव आणखी दबायचा. त्याचा फटका मालीच्या शेतकऱ्याला बसायचा आणि आपल्या वणी-पांढरकवड्याच्या शेतकऱ्यालाही, कारण रुईचा भाव शेवटी जगाच्या बाजाराशी बांधलेला आहे.

२००३ मध्ये या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव मांडला. कापसावरची अनुदानं टप्प्याटप्प्यानं बंद करा आणि तोवर आमच्या शेतकऱ्यांना भरपाई द्या, एवढीच मागणी होती. बुर्किना फासोचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष ब्लेझ कॉम्पाओरे स्वतः जिनिव्हात येऊन त्यासाठी बोलले. सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कानकूनला मंत्र्यांची परिषद भरली. तिथं जो मसुदा समोर आला त्यात भरपाईचा शब्द नव्हता. उलट, कापसावर अवलंबून असलेल्या देशांनी आपल्या अर्थव्यवस्थेत विविधता आणावी, त्यासाठी मदत मिळेल असं बघू, अशा अर्थाचा मजकूर होता. साध्या भाषेत सांगायचं तर, कापूस सोडा आणि दुसरं काही पेरा. पन्नास वर्षं पऱ्हाटी लावणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकून काय वाटतं, ते विदर्भात कुणाला वेगळं सांगायला नको. परिषद मोडली. त्याच परिषदेबाहेरच्या मोर्चात दक्षिण कोरियाचे शेतकरी नेते ली क्यूंग-हे यांनी आपला जीव दिला. ते नावही आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

त्यानंतर २००५ मध्ये हाँगकाँगला ठरलं की श्रीमंत देशांनी कापसाची निर्यात अनुदानं २००६ मध्ये बंद करावीत. ते झालं. पण मुख्य दुखणं देशांतर्गत अनुदानाचं होतं. ते 'जास्त वेगानं आणि जास्त प्रमाणात' कमी करू, असं वचन कागदावर आलं आणि ते आजवर पूर्ण झालेलं नाही. आता दरवर्षी ७ ऑक्टोबरला जागतिक कापूस दिन साजरा होतो. तो याच चार देशांच्या पुढाकारानं २०१९ मध्ये सुरू झाला.

त्याच सुमारास ब्राझीलनं वेगळा रस्ता धरला. त्यानं २००२ मध्ये अमेरिकेविरुद्ध सरळ दावा लावला. जागतिक व्यापार संघटनेत तंटा सोडवायची एक पद्धत आहे: आधी बोलणी, ती फिसकटली तर पॅनेल म्हणजे खालचं कोर्ट, आणि त्याच्यावर, त्या वेळी चालू असलेलं, सात जणांचं अपील मंडळ. छोटा देशही मोठ्या देशाला तिथं उभं करू शकतो. हा अधिकार खरोखर मोठा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. ब्राझीलच्या कापूस उत्पादकांची संघटना मजबूत होती, सरकारनं चांगले वकील लावले. अमेरिकी अनुदानामुळं जगातला भाव किती पडला, याचं गणित मांडायला तर कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डॅनियल समनर उभे राहिले. स्वतःच्या देशात त्यांना त्याबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं. २००४ मध्ये पॅनेलनं आणि २००५ मध्ये अपील मंडळानं ब्राझीलच्या बाजूनं निकाल दिला.

निकाल लागला, पुढं काय? संघटनेकडे पोलीस नाहीत हे वर सांगितलंच आहे. हरलेल्या देशानं ऐकलं नाही तर जिंकलेल्या देशाला एवढीच मुभा मिळते की, त्यानं हरलेल्याच्या मालावर जास्तीचा कर लावून वचपा काढावा. म्हणजे शिक्षा द्यायची ती तक्रारदारानं स्वतःच्या बळावर. २००९ मध्ये ब्राझीलला तशी परवानगी मिळाली. २०१० च्या मार्चमध्ये त्यानं १०२ अमेरिकी वस्तूंची यादी जाहीर केली. त्यात मोटारी होत्या, गहू होता. त्यापलीकडे जाऊन अमेरिकी कंपन्यांचे पेटंट हक्कही पाळणार नाही, अशी तयारी त्यानं दाखवली. इथं अमेरिकेला खरा चटका बसला, कारण ब्राझीलची बाजारपेठ मोठी आहे. अमेरिकेतलेच उद्योग सरकारमागे लागले. मग समझोता झाला: अमेरिका ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देईल. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

या समझोत्याचा अर्थ नीट पाहा. अमेरिकेनं आपल्या शेतकऱ्यांना अनुदान देणं थांबवलं नाही. ते चालू ठेवण्यासाठी तिनं ब्राझीलला पैसे दिले. ज्या चार देशांनी हा प्रश्न जगापुढं आणला, त्यांच्यातले बेनिन आणि चाड या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून सामील होते, पण त्यांना अशी भरपाई मिळाली नाही. त्यांच्या हातात १०२ वस्तूंची यादी नव्हती. मालीनं अमेरिकी मोटारींवर कर वाढवला तर मोटारी बनवणाऱ्या डेट्रॉइट शहराला त्याची खबरही लागणार नाही, उलट मालीतल्याच माणसाला गाडी महाग पडेल.

हे नुसतं तर्कानं म्हणत नाही. अँटिग्वा आणि बार्बुडा नावाचा कॅरिबियन समुद्रातला एक लाखाच्या आसपास वस्तीचा देश आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान. त्यानं ऑनलाइन जुगाराच्या सेवेवरून अमेरिकेविरुद्ध दावा लावला आणि २००५ मध्ये तो जिंकलासुद्धा. २००७ मध्ये त्याला वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत वचपा काढता येईल असं लवादानं ठरवलं आणि २०१३ मध्ये तशी परवानगी मिळाली. ती परवानगी कागदावरच राहिली. कोर्ट तेच, नियम तेच, प्रतिवादीही तोच. ब्राझीलच्या पदरात पैसे पडले आणि अँटिग्वाच्या पदरात निकालपत्र.

आता काकांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या हमीभावाचा हिशेब अमेरिका कशाच्या आधारावर मागते?

जागतिक व्यापार संघटनेच्या शेती कराराप्रमाणे सरकारनं बाजारभावात हस्तक्षेप करणारी जी मदत द्यायची तिला मर्यादा आहे. भारतासारख्या विकसनशील देशाला प्रत्येक पिकासाठी त्या पिकाच्या एकूण उत्पादन मूल्याच्या १० टक्के. श्रीमंत देशांना ५ टक्के. इथवर ऐकलं तर वाटतं की आपल्यालाच सवलत आहे. पण त्याच करारात आणखी एक कलम आहे. १९८६ ते १९८८ या काळात ज्या देशांची अनुदानं मोठी होती, त्यांना ती थोडी कमी करून पुढंही चालू ठेवायचा हक्क मिळाला. अमेरिकेला असा वर्षाला १९.१ अब्ज डॉलरचा हक्क आहे. युरोपीय संघाचा तर त्याहून कितीतरी मोठा आहे. आणि ही रक्कम बऱ्याच अंशी हव्या त्या पिकावर एकवटता येते, कापसावरसुद्धा. भारताच्या वाट्याला हा हक्क शून्य. कारण त्या काळात भारत शेतकऱ्याला असं अनुदान देतच नव्हता. उलट, निर्यातबंदी आणि लेव्हीमुळं, म्हणजे सरकारला ठरल्या भावानं सक्तीनं माल द्यावा लागत असल्यामुळं, शेतकऱ्याला जगाच्या भावापेक्षा कमी मिळत होतं. भारतानं दिलेल्या हिशेबातच ते अनुदान उणे निघालं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी गावोगावच्या सभांत 'उणे सबसिडी' समजावून सांगितली ती हीच. डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे याच करारांच्या मसुद्याच्या, वादात त्यांचं समर्थन आणि इतरांचा विरोध यावर आमच्या वडिलांच्या पिढीनं रात्र रात्र भांडून काढल्या आहेत. त्या वादात कुणाचं बरोबर होतं ते बाजूला ठेवा. उणे सबसिडीचा आकडा मात्र खरा होता. आणि नियम असा झाला की ज्यानं तेव्हा खिरापत वाटली त्याला कायमचा परवाना, आणि ज्यानं शेतकऱ्याला लुटलं त्या देशाच्या शेतकऱ्याला पुढंही मोकळीक नाही.

हिशेबाची रीत तर आणखी विचित्र आहे. आजचा हमीभाव घ्यायचा. त्यातून जगातला भाव वजा करायचा. कोणत्या वर्षाचा? १९८६ ते १९८८ चा. तो तिथंच गोठवून ठेवलेला आहे. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ: तेव्हाचा भाव क्विंटलला १,००० रुपये धरला आणि आजचा हमीभाव ८,००० असला, तर ७,००० रुपये हे क्विंटलमागचं 'अनुदान' झालं, मग आज जगात कापूस ८,००० नं विकत असला तरी. तेव्हा डॉलर सुमारे १३ रुपयांचा होता. डीएपी खताची गोणी, फवारणीचं औषध, वेचणीची मजुरी, यातलं काहीच तेव्हाच्या भावात आज मिळत नाही, पण हिशेबात साल तेच. म्हणून भारत डॉलरमध्ये हिशेब देतो, म्हणजे निदान रुपयाची घसरण तरी धरली जाते. अमेरिका म्हणते रुपयातच करा. दुसरा वाद असा की भारत फक्त सरकारनं प्रत्यक्ष खरेदी केलेला कापूस मोजतो. अमेरिका म्हणते, हमीभावानं विकायला पात्र असलेला सगळाच कापूस मोजा, मग तो खेडा खरेदीवाल्यानं हमीभावाच्या खाली नेला असला तरी. ज्या शेतकऱ्याला हमीभाव मिळालाच नाही, त्याच्या नावावरही त्या वहीत अनुदान लिहिलं जावं, असा त्याचा अर्थ होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या रीतीनं गणित करून जिनिव्हात कागद दाखल केला की, भारताची कापसाची मदत १० टक्क्यांची मर्यादा कितीतरी ओलांडते. काकांनी ऐकलं होतं ते हेच.

धान्याच्या बाबतीत भारतानं यातून थोडी वाट काढली आहे. २०१३ मध्ये बालीच्या परिषदेत ठरलं की अन्नसुरक्षेसाठी सरकार जे धान्य साठवतं त्यावर, मर्यादा ओलांडली तरी, कुणी दावा लावायचा नाही. याला 'पीस क्लॉज' म्हणतात. सुरुवातीला ही सवलत फक्त चार वर्षांची आहे की कायम तोडगा निघेपर्यंतची, यावर गोंधळ होता. २०१४ च्या जुलैत भारतानं सीमाशुल्क सुलभतेचा दुसराच एक करार अडवून धरला. सगळं जग भारतावर चिडलं. शेवटी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेशी बोलणी होऊन कायम तोडगा निघेपर्यंत सवलत चालू राहील, असं लिहून मिळालं. सर्वसहमतीची चांगली बाजू ही. हरकत घ्यायची हिंमत आणि तेवढी बाजारपेठ असेल तर एकटा देशही अडवू शकतो. पण ही सवलत पारंपरिक अन्नधान्यापुरती आहे. तांदळासाठी भारतानं ती वापरलीसुद्धा. कापूस खायची वस्तू नाही, म्हणून त्याला हे छत्र नाही. पंजाबच्या धानाला आहे, विदर्भाच्या कापसाला नाही. हे आपल्याकडच्या भाषणांत मी कधी ऐकलेलं नाही.

अडवण्याचं हेच हत्यार मोठ्याच्या हातात गेलं की काय होतं, तेही गेल्या काही वर्षांत दिसलं. २०२० मध्ये महासंचालकपदासाठी नायजेरियाच्या एन्गोझी ओकोन्जो-इवेला यांच्या मागं बहुतेक सगळे देश उभे होते. अमेरिकेनं हरकत घेतली आणि काम अडकलं. अमेरिकेत सरकार बदलल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्यांची निवड झाली. त्याहून मोठं नुकसान अपील मंडळाचं. तिथल्या सदस्याची मुदत संपली की नवा नेमायला सर्वसहमती लागते. अमेरिका एकेका नेमणुकीला हरकत घेत गेली. एक अपील ऐकायला तीन सदस्य लागतात, आणि डिसेंबर २०१९ मध्ये एकच उरला. वरचं कोर्ट बंद पडलं. आता खालच्या कोर्टात हरलेला देश अपील दाखल करतो, अपील ऐकायला कुणी नसतं, आणि निकाल लोंबकळत राहतो. याचा फायदा भारतानंही घेतला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. उसाच्या भावाबद्दल ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं लावलेल्या दाव्यात २०२१ च्या डिसेंबरात भारताविरुद्ध निकाल गेला. भारतानं अपील केलं आणि ते तसंच पडून आहे. आज ते आपल्या सोयीचं आहे. पण उद्या आपल्याला कुणावर दावा लावायचा असेल तेव्हा ते कोर्ट लागेल.

आता दुसरा प्रश्न. हे असं आहे तर आपण का ऐकावं, बाहेर का पडू नये? मला यावर बरंच वाचल्यावर असं वाटतं की, नियम वाकडे असले तरी नियम नसण्यात दुबळ्याचं जास्त नुकसान आहे. त्याचा नमुना २०२५ मध्ये दिसला. अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर लावला. त्यासाठी जिनिव्हात कुणाची सहमती घेतली नाही. तयार कपड्यांची निर्यात अडचणीत आली. त्याच ऑगस्टमध्ये, कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून, भारतानं परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर काढला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला माल घरात यायच्या आणि विकायच्या महिन्यांत. त्यात जागतिक व्यापार संघटनेचा कुठलाही दबाव नव्हता. कर काढायचा निर्णय दिल्लीचा होता.

कर दिल्लीनंच काढला, एवढं मात्र मी रांगेत काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग तेथं आपल्याकडून बोलते कोन?" उत्तर असं आहे: केंद्राचं वाणिज्य मंत्रालय आणि जिनिव्हातली त्याची कचेरी. राज्यघटनेत शेती हा राज्यांचा विषय आहे, पण परदेशांशी करार करणं केंद्राच्या हातात आहे आणि त्यासाठी संसदेची मंजुरी घ्यावीच लागते असं आपल्याकडे बंधन नाही. म्हणजे मालीचा माणूस जिनिव्हात ज्या खोलीबाहेर उभा असतो, तशीच एक खोली दिल्लीतही आहे. तिच्या आत कापड गिरण्यांच्या संघटना आपली निवेदनं, आकडेवारी, सल्लागार घेऊन नियमानं जातात. कापूस पिकवणारा तिथवर पोचतो तो त्याच्या खासदारामार्फत, आणि तेही खासदारानं प्रश्न विचारला तर. लोकसभेत विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं सगळ्यांना वाचता येतात. भारतानं जिनिव्हात कापसाचा काय हिशेब दिला, तो कागदही संघटनेच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडून पाहता येतो.

रांग पुढं सरकली. काकांच्या गाडीचा ओलावा साडेनऊ आला. दीड टक्क्याची कपात बसली. त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "थो अमेरिकेचा कागद मराठीत भेटते का?" मराठीत नाही मिळत. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तीनच भाषा तिथं चालतात. कापसाचं ते पान मी आता मराठीत उतरवायला घेतलं आहे.